खेळ कसा वाटला?

उत्तर देण्यास अवघड असे प्रश्न जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरेचसे इतरांना विचारण्याबद्दलच मला आजवर पगार मिळत आला आहे. परंतु एखाद्या स्नेह्यानें आपल्या वहीचीं पानें पुढें सारावीं, नजर मात्र दुसरीकडे वळवावी, आणि 'कसें वाटलें?' असें हळूच विचारावें, या प्रश्नाइतका अवघड प्रश्न कोणत्याहि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेंत आलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. प्रश्न दोनच शब्दांचा. पण विचारणाऱ्याचे कान त्या क्षणीं सशाचे झालेले असतात. आपण 'छान' म्हणालों, तर तो शब्द किती उशिरां आला हें तो मनांत मोजतो. आपण 'छान आहे, पण' म्हणालों, तर त्यांतलें 'छान' त्याला ऐकूंच येत नाहीं. आणि आपण कांहींच न बोलतां चहाचा पेला तोंडाला लावला, तर त्या रात्रीं त्याच्या घरीं दिवा उशिरांपर्यंत जळतो.

हा प्रश्न मला महिन्यांतून एकदां तरी ऐकावा लागतो, आणि गमतीची गोष्ट अशी कीं, तो ऐकण्यासाठीं मी मुद्दाम पुण्याहून येडगांवास जातों. जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवच्या शेजारीं, कुकडी नदीच्या कांठीं हें गांव आहे. १९७७ सालीं तेथील धरण पुरें झालें, आणि तेव्हांपासून गांवाच्या नांवापाठोपाठ 'धरण' हा शब्द येऊं लागला. माझ्या सासुरवाडीचें एक जुनें घर तेथें आहे. त्या घराच्या ओसरीवर महिन्याच्या एका रविवारीं आम्ही सहा-सात मंडळी जमतों. बीबियाणें व औषधें विकणारे एक दुकानदार आहेत; एक शाळामास्तर आहेत; टोमॅटोच्या बाजारांत एका आडत्याकडे हिशेब लिहिणारा एक तरुण आहे; गुरांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे; आणि स्थापत्याची पदविका घेऊन नोकरीच्या शोधांत असलेला एक मुलगा आहे. वयानें सर्वांत वडील मी, त्यामुळें चहा-भज्यांचा खर्च माझ्याकडे. आम्ही तेथें बसून एक खेळ खेळतों.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांना तो समजावून देणें सोपें नाहीं. मेजावर पट असला तर असतो, नसला तरी अडत नाहीं. कागद, शिसपेन्सिली आणि फासे मात्र हवेत. आणि हे फासे सारीपाटाच्या लांबट फाशांसारखे नसून चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंत निरनिराळ्या घडणीचे असतात. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, 'घाटांत तिन्हीसांज झाली आहे, आणि पुढें वाटेवर कोणी तरी आडवें पडलें आहे.' बाकीच्यांनीं एकेक पात्र घेतलेलें असतें. कोणी म्हणतो, 'मी बैल थांबवतों'. कोणी म्हणतो, 'मी गाडींतून उतरतच नाहीं.' जेथें परिणाम संशयाचा, तेथें फासा टाकावयाचा. कोणी जिंकत नाहीं कीं हरत नाहीं. तीन तासांनंतर एक गोष्ट तयार झालेली असते, आणि ती कोणा एकट्याच्या मालकीची नसते. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा अशा तऱ्हेचा पहिला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें १९७४ सालीं विक्रीस निघाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज त्याचे खेळाडू जगभर पसरले आहेत, आणि त्यांतले सहा-सात कुकडीच्या कांठीं बसतात.

पण हा प्रकार आमच्या भागाला परका वाटण्याचें वस्तुतः कांहीं कारण नाहीं. नारायणगांव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्या नांवांतच तें गांव आहे. जत्रांचा हंगाम जवळ आला कीं फडमालक तेथें राहुट्या ठोकून बसतात, आणि गांवोगांवचे पुढारी सुपारी ठरवावयास येतात. वगाचें कथानक अगोदर ठरलेलें, परंतु संवादाचा पुष्कळ भाग राजानें, प्रधानानें आणि सोंगाड्यानें उभ्याउभ्या रचावयाचा, ही तमाशाची जुनी रीत. एकदां आमचा खेळ ऐन रंगांत आला असतां शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई दाराशीं उभ्या राहून घटकाभर ऐकत होत्या. नंतर 'ह्ये बसून वग करत्यात' असा निकाल देऊन त्या निघून गेल्या. हीच गोष्ट माझ्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना मी तीन वर्षें समजावून सांगत आहें, आणि त्यांना अजून वाटतें कीं मी जुगार खेळतों.

या खेळाचा एक गुण म्हणा, खोड म्हणा, आहे. क्रिकेट खेळणाऱ्याला क्रिकेटहून निराळा खेळ काढण्याची इच्छा सहसा होत नाहीं. हा खेळ मात्र जो सहा महिने खेळतो, त्याला सातव्या महिन्यांत स्वतःचा खेळ रचावासा वाटूं लागतो. मग तो वही आणतो. वहींत नकाशे असतात, पात्रांच्या याद्या असतात, फाशांचे कोष्टक असतात, आणि पहिल्या पानावर खेळाचें नांव दोनदां गिरवून लिहिलेलें असतें. आमच्या ओसरीवर आजवर अशा अकरा वह्या आल्या. त्यांतील कितीएक अर्ध्यावर राहिल्या, दोन-तीन अजून चालू आहेत. आणि दर वेळीं, दिवेलागणीच्या सुमारास, मघाशीं सांगितलेला तो दोन शब्दांचा प्रश्न येतोच.

अशा प्रश्नाला जें उत्तर द्यावयाचें त्याला हल्लीं 'विधायक टीका' म्हणतात. मला या शब्दाबद्दल थोडा संशय आहे. 'मी आपली विधायक टीका करतों हं' असें ज्यानें सुरुवातीस म्हटलें, त्यानें नंतर कांहीं उभें ठेवल्याचें मला आठवत नाहीं. वास्तविक 'टीका' हा शब्दच मराठींत एके काळीं किती चांगल्या घरचा होता! ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानदेवांनीं ती केली, आणि टीका या शब्दाचा अर्थ होता मूळ ग्रंथांतलें गूढ उकलणें, त्यावर दिवा धरणें. त्या ग्रंथाचें दुसरें नांवच 'भावार्थदीपिका' असें आहे. त्यानंतर सातशें वर्षांत या शब्दाची अशी घसरगुंडी झाली कीं, आज कोणावर टीका झाली म्हणजे त्याचे आप्तेष्ट त्याला भेटावयास जातात. ज्ञानदेवांच्या आज्ञेनें ज्या रेड्यानें वेद म्हटले असें सांगतात, त्याची समाधि आमच्या येथून जवळच आळे गांवीं आहे. वेद ऐकल्यावर पैठणच्या विद्वानांनीं त्या रेड्याचे स्वर बरोबर होते कीं चूक याची चर्चा केली असेल काय, असा एक वात्रट विचार तेथें गेलें म्हणजे माझ्या मनांत येतो. माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ तरी ती केल्याशिवाय राहिले नसते.

मित्रांनीं मित्रांच्या कच्च्या लेखनावर बोलावें कसें, याचा आपल्याकडील सर्वांत रम्य दाखला म्हणजे पुण्याचें रविकिरण मंडळ. १९२३ मध्यें हीं कवि मंडळी एकत्र आलीं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे आणि इतर. रविवारीं जमावें, चहा घ्यावा, एकमेकांस कविता म्हणून दाखवाव्या, असा तो उद्योग. त्याच कवितेवर बाहेरून जो आवाज आला तो अत्र्यांचा. १९२५ सालच्या 'झेंडूच्या फुलां'नीं त्या काळच्या कवितेच्या लकबींची अशी कांहीं थट्टा उडविली कीं महाराष्ट्र अद्याप हंसतो आहे. दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. पण त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणारे लोक फार आहेत. विडंबन छापून निघालेल्या कवितेचें करावयाचें असतें; ती पायावर उभी राहिलेली असते, धक्का सोसूं शकते. जी कविता अजून चहाच्या पेल्याशेजारीं वहींत आहे, तिच्यावर विनोद करणें म्हणजे रांगत्या मुलाला पाय आडवा घालण्यासारखें आहे. आमच्या ओसरीवर हुशार माणसांची वाण नाहीं, आणि हुशार माणसाला कच्च्या कल्पनेकडे पाहून पहिल्यांदा कोटीच सुचते. ती गिळणें हा या कामांतला पहिला, आणि माझ्या मतें सर्वांत कडू, घोट होय.

कोटीपेक्षांहि घातक एक जात आहे. ती म्हणजे आपली कल्पना ऐकतां ऐकतां स्वतःची कल्पना सांगूं लागणाऱ्यांची. 'तुझा बिबट्याचा खेळ ना? मी असतों तर मी त्यांत वाघ घातला असता, आणि जंगलाऐवजीं एक जहाज घेतलें असतें.' हा मनुष्य मनाचा चांगला असतो. त्याला मदतच करावयाची असते. पण त्याच्या मदतीनंतर मूळ मालकाजवळ त्याच्या खेळांतला फक्त फासा उरतो. खोडद येथें, आमच्यापासून कांहीं मैलांवर, रेडिओ-दुर्बिणींचा प्रचंड समूह आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून रात्रंदिवस नुसत्या ऐकत असतात. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेला क्षीण आवाज टिपावयाचा, आणि त्यांत आपला आवाज मिसळूं द्यावयाचा नाहीं, हेंच त्यांचें सारें कौशल्य. एस. टी.नें जातांना त्या दिसल्या म्हणजे मला आमच्या शाळामास्तरांना तेथें आठ दिवस पाठवावेंसें वाटतें.

मास्तरांचा गुण मात्र सांगितला पाहिजे. आडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्या आमच्या तरुणानें नाणेघाटाचा खेळ रचला, तेव्हां त्याला खरा उपयोग मास्तरांचाच झाला. कल्पना मोठी सुरेख होती. सातवाहनांचा काळ, जुन्नरहून नाणेघाट उतरून कोंकणाकडे जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा, घाटमाथ्यावर जकात घेणारे अधिकारी, आणि तो दगडी रांजण, ज्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें लोक सांगतात. त्यानें चाळीस पानें कोष्टकें केलीं होतीं. प्रत्येक मालाचें वजन, प्रत्येक बैलाची चाल, प्रत्येक वळणावरचा धोका. मास्तरांनीं वही चाळली आणि अगदीं शांतपणें विचारलें, 'तांड्यांत मिरचीचीं पोतीं आहेत. मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. मग ती सातवाहनांना कोणी दिली?' मुलगा ओशाळला, पण क्षणभरच. मिरचीच्या जागीं मिरें आलें, आणि मिऱ्याबरोबर परदेशचा व्यापार, रोमची नाणीं, कल्याणचें बंदर हें सारें खेळांत आपोआप शिरलें. चूक दाखविण्याचीहि एक रीत असते; जी दाखविल्यानें दार बंद न होतां उघडतें ती.

कोष्टकांचें काय करावें हा प्रश्न अधिक नाजूक होता. खेळतांना दर वळणावर दहा मिनिटें बेरजा चालत. नाणेघाटाच्या लेण्यांतला नागनिकेचा लेखहि यज्ञांतल्या दानांच्या आकड्यांनीं भरलेला आहे, तेव्हां आकड्यांची हौस त्या घाटाला जुनीच, असें म्हणून आम्ही प्रथम हंसून घेतलें. मग मीं त्याला प्रशियन सैन्यांतल्या युद्धखेळाची हकीकत सांगितली. राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ पुढें आणला. त्यांत फासे होते, हानीचीं कोष्टकें होतीं, आणि निवाडा देणारा एक पंच होता. सैन्यानें तो उचलला. पण नियमांचें ओझें फार होतें अशी तक्रार वाढत गेली, आणि शेवटीं १८७६ मध्यें फेर्दी दु व्हेर्न्वा यानें कोष्टकें जवळजवळ बाजूला सारून पंचाच्या अनुभवावरच निवाडा सोंपवावा असें सुचविलें. म्हणजे आमच्या हिशेबनीसाची अडचण ही पन्नास वर्षें सेनापतींचीहि अडचण होती. हें ऐकून त्याला बराच धीर आला. कोष्टकें कमी कर असें मीं सांगितलें नाहीं. 'कोणतें कोष्टक वाचतांना तुला स्वतःला मजा येते?' एवढेंच विचारलें. त्यानें विचार करून चाळिसांतलीं पांच पानें काढलीं. बाकीचीं त्यानें फाडलीं नाहींत, घरीं ठेवलीं. हिशेबाची माणसें कागद फाडीत नसतात.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थिनीच्या बिबट्याच्या खेळाविषयीं येथें लांबण लावीत नाहीं. उंसांत पिलें घालणारी बिबट मादी आणि तोच ऊंस तोडावयास आलेली टोळी, अशा दोन बाजू तिनें घेतल्या होत्या. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रांत तिनें डोळ्यांनीं पाहिलेलें त्यांत इतकें होतें कीं आम्हांस सुचविण्यासारखें थोडेंच राहिलें होतें. अशा वेळीं उगीच कांहीं तरी सुचविणें हीहि एक वाईट खोड आहे.

आतां त्या पदविकाधारक मुलाच्या वहीकडे येतों. त्याच्या खेळाचें नांव 'आवर्तन'. ज्यांना पाटपाण्याचा संबंध येत नाहीं त्यांच्याकरितां सांगतों : धरणांतून कालव्याला ठराविक मुदतीसाठीं पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. येडगांव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगांव जोगे हीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें. येडगांवाहून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदें, कर्जत असें अहिल्यानगर जिल्ह्यांतून करीत सोलापूर जिल्ह्यांतल्या करमाळ्याकडे जातो. आवर्तन केव्हां सोडावें, किती दिवस सोडावें, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचावयाच्या आंत वरचे लोक किती उचलतात, यावर दर उन्हाळ्यांत सभा, निवेदनें आणि आंदोलनें होतात. या मुलानें हें सारें एका मेजावर आणलें. मध्यें एक वाडगा चिंचोक्यांनीं भरलेला, तें धरण. एक जण कालव्याच्या तोंडाशीं असलेला बागाईतदार, एक जण अगदीं शेवटचा शेतकरी, ज्याला आमच्याकडे 'टेल'चा म्हणतात. एक पाटकरी, एक धरणांत मासे धरणारा, आणि पांचवा, ज्याची जमीन धरणाखालीं गेली तो. हा पांचवा म्हणजे त्याचे आजोबा. तसें त्यानें सांगितलें नव्हतें, पण आम्हांस तें ठाऊक होतें.

पात्रें चिठ्ठ्यांनीं वांटलीं गेलीं. पांचवें पात्र आमच्या दुकानदारांकडे आलें. त्यांची स्वतःची द्राक्षबाग आहे, आणि ती धरणाच्याच पाण्यावर उभी आहे. खेळ दोन तास चालला. बाकीचे भांडले, पाटकऱ्याला चहा पाजला, रात्रीं चोरून दार उघडलें. पांचव्याची पाळी आली कीं वहींतला नियम वाचावयाचा : 'या पात्राची जमीन पाण्याखालीं आहे. याला कांहीं करतां येत नाहीं.' दुकानदार दर वेळीं मान हालवीत आणि फासा पुढें सरकवीत. शेवटीं मुलानें वही मिटली व विचारलें, 'खेळ कसा वाटला?'

मास्तर म्हणाले, हृदयस्पर्शी. हिशेबनीस जरा थांबून म्हणाला, 'ते पाचवं पात्र काढून टाक. खेळ एकदम सुटसुटीत होईल.' खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर सल्ला बिनचूक होता. कोणत्याहि जाणत्या खेळाडूनें तोच दिला असता. मुलगा खालीं पाहत म्हणाला, 'त्याला काढूनच तर धरण झालं, दादा.'

त्यानंतर बराच वेळ कोणीच कांहीं बोलेना. खेळावरची टीका आणि घरावरची टीका यांच्यामध्यें जी भिंत आपण धरून चालतों ती किती पातळ असते! 'हा नुसता खेळ आहे' असें म्हणून तेथून सुटतां आलें असतें. 'ही सत्यकथा आहे, हिला हात लावूं नये' असें म्हणूनहि सुटतां आलें असतें. दुसरी वाट अधिक सभ्य दिसते खरी, पण ती त्या मुलाचा अधिक अपमान करणारी आहे. त्यानें आमच्यापुढें खेळ मांडला होता, गाऱ्हाणें नव्हे. गाऱ्हाणें मांडणाऱ्याला सहानुभूति पुरते. खेळ मांडणाऱ्याला खेळाचेंच उत्तर मिळालें पाहिजे.

तें दुकानदारांनीं दिलें. ते म्हणाले, 'काढू नको रे त्याला. पण मला दोन तास नुसतं बसवूनही ठेवू नको. मी बसलो होतो ना, तेव्हा मला तुझ्या आजोबांचं दुःख कळत नव्हतं. माझा पाय दुखत होता.' मंडळी हंसलीं, मुलगाहि हंसला. मला तर हें वाक्य कित्येक परीक्षणांपेक्षां मोलाचें वाटलें. कारण त्यांत निर्णय नव्हता. खेळतांना प्रत्यक्ष काय झालें एवढेंच त्यांनीं सांगितलें, आणि तें दुसऱ्या कोणालाहि सांगतां आलें नसतें. खेळ रचणाऱ्याला आपला खेळ आंतून दिसतो. बाहेरून तो कसा लागतो हें त्याला कधींच कळावयाचें नसतें, जसा आपल्याला आपला आवाज कळत नाहीं. आपण त्याला तेवढें दिलें तरी पुष्कळ झालें.

मीं त्याला एक प्रश्न विचारला. आजोबांना काय वाटलें तें मला नको. जमीन गेल्यावर ते करीत काय होते? रोज उठून कोठें जात होते? त्याला सांगतां येईना. त्याच्या घरांत आजोबांच्या दुःखाच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण आजोबांच्या दिवसाची गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती. मला वाटतें, बहुतेक घरांतून असेंच होतें. आपण वडिलांची हानि जपून ठेवतों आणि उद्योग विसरून जातों.

घरीं जाऊन त्यानें आजीला विचारलें. आजीचें उत्तर त्यानें वहींत जसेंच्या तसें उतरून आणलें होतें : 'आरं, तुजा आजा काय हात बांधून बसला व्हता व्हय? उन्हाळ्यात पानी खाली गेलं का आपलं शेत उघडं पडायचं. बांध बी दिसायचा, हिरीचं तोंड बी दिसायचं. मंग गाळात काकड्या, भुईमूग कायबी टाकायचा. पाऊस यायच्या आत हाताला लागलं तर आपलं, न्हायतर धरनाचं.' ही गाळपेर. धरणांचें पाणी ओसरलें म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनींत पीक घेण्याची रीत महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे. मुलाला ती माहीतहि होती. पण आपले आजोबा आपल्याच बुडालेल्या शेतांत वर्षांतून दोन-तीन महिने पाहुण्यासारखे जाऊन नांगर धरीत होते, हें त्याला नव्यानेंच समजलें.

या एका गोष्टीनें सारा खेळ फिरला. पशुवैद्यकाच्या मुलीनें सुचविलें कीं वाडग्याऐवजीं परात घ्यावी आणि तिच्या तळाशीं खडूनें शेतें आंखावीं. चिंचोके जसजसे कालव्यांत जातील तसतशीं शेतें दिसूं लागतील. हिशेबनीसानें, ज्यानें पात्र काढावयास सांगितलें होतें त्यानेंच, गाळपेरीचा हिशेब बसवून दिला : शेत केव्हां उघडें पडलें, पीक किती दिवसांचें, आणि वळीव आधीं कोसळला तर काय. आणि मग जें कोणीच योजलें नव्हतें तें घडलें. धरणांतलें पाणी लवकर खालीं जावें यांत पांचव्याचा फायदा. पाणी लांबवर सोडावें यांत 'टेल'च्या शेतकऱ्याचा फायदा. ज्यानें जमीन गमावली तो आणि ज्याला पाणी पोंचत नाहीं तो, हे दोघे एका बाजूस आले. मासे धरणारा आणि कालव्याच्या तोंडाचा बागाईतदार दुसऱ्या बाजूस गेले. ही मांडणी एकट्याच्या वहींत सुचली असती असें मला वाटत नाहीं.

पुन्हां खेळ झाला तेव्हां दुकानदारांनीं पांचवें पात्र मागून घेतलें. एरवीं चहाच्या वेळीं 'आमचं पाणी तिकडे जातं' म्हणून बोटें मोडणारे हे गृहस्थ परातीवर वांकून, आवाज चढवून, करमाळ्याला आणखी सहा चिंचोके सोडलेच पाहिजेत असें भांडत होते. दुसरें शेत दिसावयाला दोनच चिंचोके हवे होते. ते मिळाले, आणि लगेच फासा पडून वळीव आला. शेत झांकलें गेलें. 'अरे, आठ दिवस तरी द्यायचे होतेस!' असें ते त्या मुलावर खरेंच रागावून ओरडले. मुलगा पेन्सिलीनें वहींत कांहीं तरी टिपीत होता. त्या दिवशीं त्यानें 'कसा वाटला' असें विचारलें नाहीं.

आम्हीं दिलेल्या सूचनांपैकीं सुमारें निम्म्या त्यानें घेतल्या. एक माझी होती : वळवाचा निर्णय फाशावर न सोंपवतां सूत्रधारावर सोंपवावा. ती त्यानें माझ्यासमोर वहींत लिहून घेतली, दोन दिवस विचार केला, आणि काट मारली. 'सर, पाऊस माणसाच्या हातात दिला तर सगळे त्या माणसावर चिडतील,' असें त्यानें कारण दिलें. माझी सूचना मला अजून बरी वाटते. परंतु काट मारलेली ती ओळ पाहून मला जो आनंद झाला तो ती स्वीकारली गेली असती तर झाला नसता. ज्याची वही त्याच्या हातांत आहे याची ती खूण होती. दुसऱ्याच्या कल्पनेवर बोलतांना आपली सूचना पानावर ठेवावी आणि तेथून हात काढून घ्यावा. ती कोणी उचलते कीं नाहीं हें पाहत उभें राहूं नये. पाहुण्यानें वाढलेलें पान सोडलें तर यजमानानें त्याच्या मागें लागूं नये, तशांतलाच हा प्रकार.

सध्यां 'आवर्तना'ची तिसरी वही चालू आहे. एक दोष अजून निघत नाहीं. पाटकऱ्याच्या हातांत सत्ता फार होते. जो तो त्याची मनधरणी करतो, आणि खेळाचा मध्य परातीवरून त्याच्या चहाकडे सरकतो. मास्तरांचें म्हणणें, त्याच्यावर एक साहेब नेमावा. हिशेबनीस म्हणतो, दोन पाटकरी करा आणि त्यांचें एकमेकांशीं पटूं देऊं नका. दुकानदारांचें मत असें कीं हा दोष खेळाचा नाहींच. पुढच्या रविवारीं पुन्हां खेळून पाहावयाचें ठरलें आहे, आणि चिठ्ठींत पाटकरी माझ्या वांट्याला आला आहे.